ग्रेसी आणि सॉल्ट पॅन्स

हातगाडीचं चाक वाडीच्या दगडी कुंपणातल्या अरुंद वाटेत अडकलं तेव्हा ग्रेसी गात होती. मी मागून जोर लावला. गाडी हलली नाही. पुढे चाललेल्या वीस-पंचवीस बायका कळश्या घेऊन थांबल्या.

सेलिन मावशी पुढूनच ओरडली, "अगो ग्रेसी, पानी आनायला चाललीस का भाजी इकायला?"

बायका हसल्या. ग्रेसीही हसली, पण कीबोर्डवरची तिची बोटं थांबली.

ही नव्याण्णव सालची, वसईजवळच्या वटार गावातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी रिटाच्या मुलीचं लग्न होतं. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात आणि त्याने नवरीला अंघोळ घालतात. वाजवणाऱ्यांना मिरवणुकीबरोबर चालावं लागतं आणि कीबोर्डला तर वीज लागते. माझं भुईगावात बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. मी हातगाडीवर ट्रकची बॅटरी ठेवली, भोंगा बांधला, कीबोर्ड बसवला. रस्त्यालगतच्या विहिरीपर्यंत आधी जाऊन वाटही बघून आलो. पण पाणी घरच्याच विहिरीचं लागतं, आणि रिटाची विहीर आत केळीच्या वाडीत आहे, हे विचारायला विसरलो.

ग्रेसी माझी बायको. आधी तिचा 'सॉल्ट पॅन्स', म्हणजे मिठागरं, नावाचा रॉक बँड होता. मध्ये गिटार घेऊन ती, मागे चार पोरं. बारा वर्षं तिने तो चालवला. पोरं भांडली की हिच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि जेवूनच जायची.

तो बँड मी तिला सोडायला लावला. "लोक तुझ्यासाठी येतात. त्या चौघांना कशाला ओढत नेतेस?" असं मी दोन वर्षं म्हणत होतो. तिला ते पटलं, की तिने माझं मन राखलं, कळलं नाही. विचारायचं राहून गेलं. आता तिला जाऊन आठ महिने झाले.

एकटी झाल्यावर तिने स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली. बऱ्याचशा कॅसेटी आमच्या पलंगाखालीच राहिल्या. कुठेही गायला गेली की पहिला प्रश्न, "बाकीचे कुठायत?" एका सणाला तर कोणीतरी मलाच विचारलं, "तुम्ही ड्रम्सवाले काय?" मी म्हटलं, "नाही, बॅटरीवाला." ग्रेसी घरी येईपर्यंत हसत होती. पण दुसऱ्या दिवशी बराच वेळ गिटार पुसत बसली.

रिटा तिची शाळेपासूनची मैत्रीण. घरच्यांचं न ऐकता तिने अख्ख्या लग्नातलं गाणं-वाजवणं एकट्या ग्रेसीवर सोपवलं. त्या दिवशी निघताना ग्रेसी मला म्हणाली, "पास्कू, आज जमलं नाही तर एकटीने गाणं बंद. मग मला आग्रह करायचा नाय."

आणि आता गाडी अडकली होती. तिकडे नवरी अंघोळीच्या पाटावर बसून होती.

बाजूच्या कुंपणावरून इनास उडी मारून आला. सॉल्ट पॅन्सचा ड्रमर. त्याचं घर शेजारीच होतं. बँड सुटल्यापासून दोन वर्षांत तो आमच्याकडे आला नव्हता.

"उचलून नेऊ या का?" त्याने विचारलं.

"कीबोर्ड पडेल. मी मागे घेतो, दुसऱ्या वाटेने आणतो," मी म्हणालो.

"दुसरी वाट नाय, पास्कू. मी जन्मलोय इथं." मग तो ग्रेसीकडे वळला. "ड्रम आणू? बँडची पोरं मांडवातच हायत. रेमंडचा ट्रम्पेट पण हाय."

मी म्हणालो, "नको. तिचं काम आहे ते."

सेलिन मावशीने कळशी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

ग्रेसीने कीबोर्डचं बटण बंद केलं. "आण," ती म्हणाली. "पण कोणी विचारलं तर सांग, मी बोलावलं. गाडीचं नाव काढू नको."

पाच मिनिटांत चौघे आले. ड्रम गळ्यात घालून इनास पुढे झाला, ग्रेसी बायकांमध्ये मिसळली आणि सगळी वाडीत शिरली. मी गाडीपाशी राहिलो. केळीमुळे कोणी दिसत नव्हतं. आधी ड्रम ऐकू आला, मग ट्रम्पेट. तिचा आवाज माइकशिवाय होता, तरी बायकांच्या आवाजातून मला वेगळा कळत होता.

रात्री मांडवात चौघांनी वाद्यं मांडली. इनासने माइक उचलून ग्रेसीपुढे ठेवला. "तू बोल. लीडर तूच."

बँडची पद्धत अशी, की पहिल्या गाण्याआधी ती एकेकाचं नाव घ्यायची, तो दोन ठोके किंवा दोन सूर वाजवायचा आणि लोक टाळ्या द्यायचे. शेवटी ती स्वतःचं नाव सांगायची. त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडायच्या.

तिने इनासचं नाव घेतलं. रेमंडचं घेतलं. उरलेल्या दोघांचं घेतलं. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. मग तिने माइक स्टँडवर अडकवला, एक पाऊल मागे सरली आणि गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला.

मी टाळीसाठी हात वर करून तिच्या नावाची वाट बघत होतो. इनासही काठ्या उचलून तिच्याकडे बघत राहिला. तिने नुसती मान हलवली, आणि त्याने गाणं सुरू केलं.