नऊ नंबरचा चहा

घंटा वाजवली आणि कोणी आलं नाही, की नऊ नंबरची खोली एका फरशीने लांब व्हायची. शरयूबाई आगट्यांना हे पहिल्याच दुपारी कळलं. चहासाठी त्यांनी चारदा घंटेची दोरी ओढली, आणि चारही वेळा खिडकीजवळची त्यांची खाट दाराजवळच्या विश्रामरावांच्या खाटेपासून हातभर मागे सरकली. भिंतीवर हरणाच्या शिंगांची एक जोडी होती, तिच्या दोन झाल्या. भिंत ओकीबोकी ठेवायची नाही, एवढी तरी शिस्त त्या हॉटेलात होती.

हॉटेल देखणं होतं, यात वादच नाही. डोंगरावरचं, इंग्रजांच्या वेळचं. लाल कौलं, रंगीत तावदानं, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या आणि खुर्चीसमोर थेट दरी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर विश्रामराव बायकोला म्हणाले होते, "चार दिवस तू स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नाहीस. बसल्या जागी कप येईल." चौतीस वर्षांच्या संसारात शरयूबाईंना बसल्या जागी कप कधी आला नव्हता. त्या एका वाक्यासाठी त्या गाडी लागत असतानाही घाट चढून आल्या होत्या.

"अगं, खोली वाढतेय," विश्रामराव म्हणाले.

"दिसतंय मला."

"मग घंटा कशाला वाजवतेस? जाऊन घेऊन ये ना दोन कप. तुला काय वेळ लागतोय?"

आणि शरयूबाई उठल्या. इथेच चुकलं. पण त्यांचा तरी काय दोष? कुठल्याही लग्नात वाढपी कमी दिसला की त्यांचा पदर आपोआप खोचला जायचा, मग ते लग्न तिसऱ्याच कोणाचं का असेना. खाली काउंटरवर मॅनेजर कुडाळकर होते. कोट कडक इस्त्रीचा, आवाज लोण्यासारखा.

"येतोय चहा, बाई."

"केव्हा?"

"येतोय."

"असू दे, मी नेते."

"उत्तम. घरच्यासारखं समजा," कुडाळकर म्हणाले, आणि त्यांनी वहीत काहीतरी खूण केली.

वर आल्यावर कप विश्रामरावांच्या हातात पडला, तशा चारही फरशा गुपचूप आत गेल्या आणि शिंगांची एकच जोडी उरली. ज्याला हवं त्याच्या हातात पडलं की खोली आखडायची. "बघ, झालं की नाही?" असं म्हणून विश्रामरावांनी बशीत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी गरम पाणी आलं नाही, मग टॉवेल आले नाहीत, मग नाश्ता. दर वेळी खोली लांबली, दर वेळी शरयूबाई खाली जाऊन घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी त्या ट्रे घेऊन येत असताना चार नंबरचे गृहस्थ त्यांना म्हणाले, "बाई, आमचं ऑम्लेट?" शरयूबाईंच्या तोंडून "येतंय" असं निघून गेलं. मग त्यांनी ते नेऊनही दिलं.

चौथ्या दिवशी दुपारी चारला परतीची गाडी यायची होती. अडीचला विश्रामरावांना चहाची तलफ आली, आणि शरयूबाई स्वयंपाकघरात गेल्या. तिथे तीन बायका काम करत होत्या. तिघीही चांगल्या प्रवासाच्या कपड्यांत. बटाटे सोलणारीच्या खांद्याला पर्स होती आणि गॉगल केसांत खोवलेला होता.

"तुम्ही इथल्याच का?" शरयूबाईंनी विचारलं.

"नाही हो, मी सहा नंबरची. मीठ न्यायला आले होते."

"मग?"

"बटाटे तसेच पडले होते ना."

"आणि घरचे?"

"आमचे हे गेले मागच्या आठवड्यात. मुलांची शाळा सुरू झाली. आणि हिचे तर दिवाळीच्या आधीच गेले."

दारामागे खुंटीवर एक कोरा एप्रन होता. त्याच्यावर लाल दोऱ्याने 'शरयू' काढलेलं होतं. शेवटचा ऊकार राहिला होता आणि सुई तिथेच लोंबत होती. शरयूबाई बघत होत्या तेवढ्यात सुईने एक टाका घातला.

त्या घाबरल्या. त्याहून जास्त त्यांना राग आला, आणि तो स्वतःच्या पायांचा. त्या रिकाम्या हातांनी वर आल्या, विश्रामरावांना ओलांडून आपल्या खाटेवर बसल्या आणि त्यांनी दोरी ओढली.

"चहा कुठाय?"

"मागवलाय."

"अगं, साडेतीन होतील. तूच आण ना."

"मी पाहुणी आहे. तुम्हीच म्हणालात."

त्यांनी पुन्हा दोरी ओढली. खोली लांबत गेली, भिंतीवर शिंगांच्या जोड्यांमागून जोड्या उगवत गेल्या. विश्रामराव आधी मुलाएवढे दिसायला लागले, मग औषधाच्या बाटलीएवढे. त्यांचा आवाज ओठ हलल्यानंतर बऱ्याच वेळाने पोचू लागला. शरयूबाईंना रडू आलं. माणूस वाईट नव्हता. घाटात त्यांना मळमळत होतं, तेव्हा त्याने वाटभर लिंबू हुंगायला धरलं होतं. आणखी थोडी दोरी ओढली तर तो दिसेनासा होईल, आणि उठलं तर खालची सुई पुढे चालेल. डोळे पुसून त्यांनी दोरी ओढली.

दूरवर दार उघडलं आणि विश्रामराव बाहेर गेले. खाली गाडीचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मग दार पुन्हा उघडलं.

त्यांच्या हातात कप होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता, बशी घ्यायचं सुचलं नव्हतं. ते चालू लागले. खोली तसूभरही आखडली नाही, कारण या वेळी चहा हवा होता तो शरयूबाईंना, आणि त्यांच्या हातात तो अजून पडला नव्हता. शिंगांची एक जोडी मागे पडली, मग दुसरी. चहा हिंदकळून त्यांच्या बोटांवर सांडत होता.

"कुडाळकर 'येतोय' म्हणाले," विश्रामरावांचा आवाज पोचला. "मग मीच केला. साखर अंदाजाने घातलीय. किती घेतेस गं तू?"

शरयूबाईंनी सांगितलं. ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

हॉर्न वाजला. निम्मी खोली अजून बाकी होती.

"अगं, पोळतंय," ते म्हणाले. "चार पावलं पुढे ये."

शरयूबाईंचे पाय खाली उतरून चपला शोधायला लागले होते. त्यांनी ते वर ओढून घेतले, मांडी घातली, आणि दोन्ही हातांनी पायांचे अंगठे घट्ट धरून ठेवले.