खाऱ्या पाण्यात गेलेली चकरी

मी एक जुनी चकरी आहे. मासे पकडायच्या काठीच्या बुडाशी मी बसते, दोरी सोडते आणि गुंडाळते. दुकानात माझ्या जातभाईंना रीळ म्हणतात. मी मात्र दुकानातली नाही. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. गोड गोड ऐकायचे असेल तर एखाद्या फुलदाणीकडे जा.

मला एका लेथ चालवणाऱ्या माणसाने घडवले. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जुना लेथ मांडला होता. त्याची मुलगी इस्पितळात परिचारिका. सुटीच्या दिवशी ती गावाबाहेरच्या तळ्यावर फ्लाय फिशिंग करायला जाई. म्हणजे गळाला खरा किडा लावायचा नाही. पिसे बांधून केलेली खोटी माशी लावायची आणि दोरीच्या झोक्याने ती पाण्यावर अलगद उतरवायची. तिची बाजारातली चकरी मोडली, तेव्हा बाप म्हणाला, "थांब, मीच करतो. बघू तरी हाताला अजून जमतंय का."

एकवीस दिवस तो माझ्यामागे लागला होता. माझ्या पोटात त्याने पितळेची एक आणि बुचाची एक अशा दोन चकत्या बसवल्या. त्या एकमेकींवर घासल्या की दोरीला ब्रेक लागे, आणि पळणारा मासा हळूहळू दमे. तळ्यावरची जुनी मंडळी मला हातात घेऊन फिरवून बघत. "कुठल्या कंपनीची?" असे विचारत.

"बाबा कंपनी," ती सांगे.

अकरा वर्षे मी त्या तळ्यावर काम केले. मासा काठाशी आला की ती आधी हात ओले करी, म्हणजे त्याची कातडी सोलवटत नाही. पाण्यातल्या पाण्यातच गळ काढी आणि त्याला सोडून देई. घरी आल्यावर सुती फडक्याने मला पुसून तेलाचा एक थेंब देई. सुख म्हणतात ते याहून वेगळे असेल असे मला वाटत नाही.

मग आले तिचे भावोजी. नवऱ्याचा धाकटा भाऊ, फरशांच्या दुकानाचा मालक. मित्रांबरोबर दूरच्या उष्ण समुद्रावर मोठे मासे पकडायला निघाला होता. "वहिनी, तुझी चकरी दे ना आठ दिवस. सगळ्यांकडे भारी भारी माल आहे. त्यांना हाताने बनवलेली दाखवतो."

तिने दिली. वर चारदा बजावले, "भावोजी, समुद्राचं पाणी लागणार. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. विसरू नका."

"अगं, मी काय लहान आहे का?"

समुद्र सुंदर होता, ते मी नाकारत नाही. गुडघाभर पाणी, खाली पांढरी वाळू आणि वरून रणरणते ऊन. पण पहिल्याच दुपारी त्याने मला वाळूत आडवे टाकले आणि तो शहाळे प्यायला बसला. संध्याकाळी त्यांना समुद्रावर नेणाऱ्या नावाड्याने नळ दाखवला. "साहेब, धुऊन घ्या. मीठ आत बसलं की चकरी जाम होते."

"उद्या बघू."

तो उद्या कधी उजाडलाच नाही. मीठ माझ्या सांध्यांत सुकत गेले. बुचाच्या चकतीत वाळू शिरली. मी करकर करू लागले, तर हा म्हणतो, "आवाज मस्त येतोय!"

चौथ्या दिवशी एक मोठा रुपेरी मासा गळाला लागला. एका दमात त्याने शंभर हात दोरी ओढून नेली. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. पण ब्रेक मध्येच अडकायचा, मध्येच सुटायचा. मूठ फिरता फिरेना. दहा मिनिटांत संपायची झुंज चाळीस मिनिटे चालली. मासा पार थकून आला. तेव्हा तरी त्याला सोडावे की नाही? नाही! त्याला कल्ल्यात बोटे घालून वर उचलले. एक फोटो टोपीसह. एक टोपीविना. एक गॉगल लावून. माशाचे तोंड उघडत होते, मिटत होते.

"साहेब, बास झालं. सोडा आता," नावाडी म्हणाला.

"थांब रे, डोळे मिटले गेले माझे. अजून एक."

शेवटी मासा पाण्यात टाकला, तो पोट वर करूनच तरंगला. नावाड्याने त्याला दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ पाण्यात पुढेमागे फिरवले. काही उपयोग झाला नाही. तो मासा नावाड्याहूनही वयाने मोठा असेल असे कोणीतरी म्हणाले. त्यावर आमचे साहेब काय बोलले? "या चकरीनं घात केला."

ओल्या टॉवेलात गुंडाळून त्याने मला गाडीच्या डिकीत फेकले. तिथे मी सोळा दिवस पडून होते. मग एके दिवशी त्याने मला त्या लेथवाल्या बापासमोरच टेबलावर ठेवले. "काका, राग मानू नका, पण हे घरगुती काम. मोठ्या माशापुढं टिकलं नाही. बिचारा मासा हकनाक मेला."

म्हाताऱ्याने मला फिरवून पाहिले. मी हललेही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने पत्र्याच्या खोलीचे दार उघडले नाही. लेथ विकायची भाषा करू लागला. "हात गेले माझे," म्हणाला. मला ओरडता आले असते तर मी घर डोक्यावर घेतले असते!

पण मुलीने मला उघडले. आतली पांढरी भुकटी तिने बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

"बाबा, हे बघा. मीठ आहे हे. आणि ही वाळू. तुमच्या हातांनी काहीही केलेलं नाही."

ती तशीच उठून फरशांच्या दुकानात गेली. गिऱ्हाईकांसमोर तिने माझे सुटे भाग काउंटरवर मांडले. "भावोजी, एकदा तरी धुतली होती का?"

"वहिनी, इथं कशाला? नवी घेऊन देतो ना!"

"नवी नको. माझ्या बापाला खोटं पाडलंत तुम्ही. जाऊन खरं सांगा."

तीन दिवस तो टंगळमंगळ करत राहिला. चौथ्या दिवशी आला, मान खाली घालून. "काका, मी धुतलीच नाही. मासा माझ्यामुळं मेला."

म्हातारा रागावला नाही. याच गोष्टीचा मला अजून राग येतो. त्याने पत्र्याच्या खोलीचे दार उघडले, भावोजींच्या हातात दातांचा जुना ब्रश आणि गरम पाण्याचा वाडगा दिला. "घास," एवढेच म्हणाला. दुपारभर तो घासत बसला, आणि शेजारी लेथवर माझ्यासाठी नवी चकती फिरत होती.

आज मी पुन्हा तळ्यावर जाते. थोडी खरखरते, पण फिरते. मासा मात्र परत येणार नाही. म्हणून मित्रांनो, उसनी वस्तू घेतलीत तर धन्याहून जास्त जपा. पाण्यातला जीव तुमच्या फोटोसाठी ताटकळत ठेवू नका. आणि एखादी वस्तू बिघडली, की ती बनवणाऱ्याला नावे ठेवण्याआधी तिला उघडून बघा. आत बहुतेक वेळा तुमचाच आळस साठलेला असतो.