सईबाईंचं दुसरं मत

नागोजीरावांनी दारात दोन विडे घेतले आणि वर म्हणाले, "आमच्या घरची दोन्ही मतं तुमचीच!" स्वयंपाकघरात सांबाराला फोडणी देणाऱ्या सईबाईंच्या हातातली पळी तिथंच थांबली.

तिरुवल्लिकेणीच्या त्या गल्लीत निवडणुकीची रीतच तशी. उमेदवार वाजतगाजत दाराशी यायचा, मतागणिक एक विडा पुढं करायचा, आणि घरधन्यानं तो घेतला की शब्द गेला. तंजावरकडच्या मराठी घरांत दिलेला शब्द मोडणं म्हणजे कुलदेवतेशी बेइमानी. सईबाईही त्याच मुशीतल्या. विडा परत करायचा तर उमेदवार गल्लीत असेतोवरच; तो एकदा बाहेर पडला की त्यांचंही मत गेलंच म्हणून समजा. आणि या खेपेला, सत्त्याहत्तर साली, आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत, त्यांना आपलं मत आपल्या मनानं द्यायचं होतं. फार, फार द्यायचं होतं.

याला कारण एक मोडीत निघालेला मतदारसंघ.

वीस वर्षांपूर्वी ही दोघं तांबरमच्या पलीकडच्या एका गावात राहायची. तिथला लोकसभेचा मतदारसंघ जोडीचा. एकाच मतदारसंघातून खासदार दोन, एक जागा सर्वांसाठी आणि दुसरी दलितांसाठी राखीव. मतदाराच्या हातात कागदही दोन. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि दोन कागद दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकायचे. सत्तावन्न साली नागोजीरावांनी बायकोला घरीच पढवून ठेवलं होतं, "पहिला कागद आपल्या मुदलियारांच्या पेटीत."

"आणि दुसरा?"

"दुसरा टाक कुठंही."

कुठंही! असला शब्द सईबाईंना जन्मात कुणी ऐकवला नव्हता. लुगडं कुठलं, माहेरी कधी, लेकीला स्थळ कोणतं, सगळं परस्पर ठरायचं. आणि इथं अख्खं एक मत कुणाच्या खिजगणतीत नाही म्हणून मोकळं पडलेलं! राखीव जागेचा उमेदवार मुनुसामी मत मागायला आला तो कुंपणाबाहेरच उभा राहिला. त्याला आत बोलवायची कुणाला बुद्धी झाली नाही, लाज वाटावी अशीच गोष्ट. नागोजीराव तर उठलेही नाहीत. मग मुनुसामी सईबाईंकडं बघून म्हणाला, "अम्मा, तुमचं मत मला द्या." तुमचं म्हणाला! सईबाईंनी दिलं. मुनुसामी निवडून येऊन दिल्लीला गेला, आणि सईबाई पाणवठ्यावर सांगत सुटल्या, "माझा खासदार!"

पुढं सरकारनं असले जोडमतदारसंघ मोडून टाकले. एक मतदारसंघ, एक खासदार, एक कागद. शहाण्यांनी त्याची कारणं काय ती दिली असतील. सईबाईंना एवढंच कळलं, की दोनांतलं जे गेलं ते आपलं, उरलं ते नवऱ्याचं. त्यानंतर दर निवडणुकीला नागोजीराव विडे घेत आले आणि या मान खाली घालून सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारत आल्या.

आज मात्र त्यांनी पळी आपटली, ओटीवर आल्या आणि नवऱ्याच्या हातातला एक विडा उचलला.

"अगो, खुळी झालीस काय? शब्द दिलाय मी!"

"तुमचा तुम्ही दिलात. माझा कुणाला विचारून दिलात?"

आणि निघाल्या की पळत! पायांत चप्पल नाही, पदर खोचलेला, मार्चातल्या उन्हानं तापलेला रस्ता. ढोल पार टोकाला पोचला होता. मध्ये एक म्हैस आडवी, तिला वळसा घातला. दूधवाल्याची सायकल धडकली, तिला चार शब्द सुनावले. भाड्याच्या खोल्यांच्या मॅन्शनच्या गच्चीवरून तिथली ब्रह्मचारी पोरं ओरडायला लागली, "ओडु पाटी, ओडु!" पळ आजी, पळ! सईबाईंचा ऊर फुटायला आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना लग्नानंतर इतकी मजा कधी आली नव्हती.

उमेदवाराचा एक पाय जीपमध्ये होता. सईबाईंनी दुसऱ्या पायाचं धोतर धरलं.

"तंबी, थांब रे भावा! हा विडा परत घे."

ढोल बंद पडला. उमेदवाराचा चेहरा उतरला. "का अम्मा? मला मत नाही देणार?"

"ते अजून ठरायचंय," सईबाई धापा टाकत म्हणाल्या. "पण माझं मत तू त्यांच्याकडं मागितलंस. ते त्यांच्याकडं नाहीच."

कार्यकर्ते फिदीफिदी हसले. उमेदवार हसला नाही. पक्का राजकारणी तो. दारादारांत उभ्या राहिलेल्या बायकांवर त्यानं एक नजर फिरवली, विडा तबकात ठेवला आणि हात जोडले. "मग तुमच्याकडंच मागतो, अम्मा."

"सरी, बरं. विचार करते."

घरी नागोजीरावांनी उरलेला विडा एकट्यानंच चघळला. मतदानाला मात्र दोघं बरोबरच गेली. पडद्याआड शिक्का मारताना सईबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मतपत्रिका नीट घडी करून पेटीत सोडली.

बाहेर पिंपळाखाली नागोजीराव ताटकळत उभे होते. बोटावरच्या शाईकडं बघत, घसा खाकरत, त्यांनी संसारात पहिल्यांदाच विचारलं, "कुणाला दिलंस?"

"विचारलंत, हेच पुष्कळ झालं," सईबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पुढं चालू लागल्या.