आम्हाला खळ घालू नका

"बाई, पाणी पिणारा माणूस शाकाहारी कसा?"

नागम्माने भर वर्गात हा प्रश्न विचारला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण केरा हिने पैज लावली होती, "इचार की बाईंना! लई धीट म्हणवतीस न्हवं? न्हाय इचारलंस तर माज्या चिंचंला हात लावायचा न्हाय."

नेरूरकर बाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. बाई उलट खूश झाल्या. त्या कोकणातल्या. "आमच्याकडे समुद्राला लागून विहिरी आहेत," त्या म्हणाल्या. "वर गोड पाणी, खाली खारं. दोन्हींत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. तुमच्या सोलापूरच्या विहिरींतही राहतात. शाकाहाराचं मग बघू, आधी ते जीव तर बघा. उद्या आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणा."

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो, तुम्ही तर आधी! त्या न दिसणाऱ्या जीवांपैकी एक मी. मी विणकरांच्या गल्लीतल्या विहिरीतला एक जुना जंतू आहे. किती जुना, ते विचारू नका. आम्हाला ना आई ना बाप. पोट भरलं की आम्ही मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतो. आता त्यांतला म्हातारा कोण आणि पोर कोण? दोघेही मीच!

माझा जन्म काळ्या खडकाच्या एका भेगेत झाला. तिथे उजेड नव्हता आणि खायलाही फारसं काही नव्हतं. मग एकदा माणसांनी सुरुंग लावून विहीर खणली, आणि झऱ्याबरोबर मी उजेडात आलो. विहिरीत पिंपळाची पानं पडत, कबुतरांची पिसं पडत. ती कुजवून मातीला मिळवायची हे आमचं काम. आम्ही ते मुकाट्याने करत होतो. बायका ओंजळभर पाणी पिऊन म्हणत, "काय गोड पाणी आहे गं!" ती शाबासकी झऱ्याला मिळे. आमचं नावही कोणी घेत नसे. घेणार तरी कसं? आम्ही आहोत हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

मग गल्लीत माग वाढले. सकाळी गिरणीचा भोंगा वाजायच्या आधीच आडवं सूत नेणारे इथले धोटे खटाखट सुरू होत. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावावी लागते. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज. तिने सूत ताठ होतं, तुटत नाही. ती रोज थोडी उरायची. उरलेली टाकायची कुठे? ते तर अन्न! ते रस्त्यावर ओतलं तर पायाखाली येणार, आणि अन्नावर पाय पडणं म्हणजे पाप. म्हणून बायका ती खळ विहिरीत सोडत आणि हात जोडून म्हणत, "गंगामाई, गोड मानून घे."

गंगामाईने काय मानलं मला माहीत नाही. आम्ही मात्र फार गोड मानलं! खाल्लं, दुभंगलो, पुन्हा खाल्लं, पुन्हा दुभंगलो. इतके झालो की पाण्यात विरघळलेली हवा आम्हालाच पुरेना. मग तळाशी, बिनहवेत जगणारे आमचे दुसरे भाईबंद जागे झाले. ते जेवले की घाण वास सुटतो. विहिरीला नासक्या अंड्यासारखा वास येऊ लागला.

लोक घाबरले. गंगामाई कोपली, म्हणाले. आणि तिचा राग उतरावा म्हणून त्यांनी काय केलं असेल? खळ वाढवली! आता चांगली ताजी, भांडंभर. आम्ही आणखी खाल्लं, वास आणखी सुटला.

शेवटी, बाईंनी बाटल्या आणायला सांगितल्या त्याच दिवशी, गल्लीचे पंच शिवलिंगप्पा विहिरीच्या काठावर उपरणं नाकाला लावून उभे राहिले आणि म्हणाले, "ही विहीर मेली. अमावस्या झाली की दगडमाती टाकून बुजवायची."

त्या संध्याकाळी नायना नागम्माला म्हणाले, "विहीर गेली की पाणी तळ्यावरून आणावं लागेल. दोन हेलपाटे सकाळी, दोन दुपारी. अम्मा खळ करणार, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणार. मग पाण्याला कोण जाणार? तूच ना? शाळा आता पुरे झाली, बाळा." नायना म्हणजे तिचे वडील. घरात त्यांची तेलुगू चालते. नागम्माच्या दप्तरात उद्यासाठी धुऊन ठेवलेली रिकामी बाटली होती.

सकाळी तिने ती विहिरीत बुडवली आणि मी आत शिरलो. निम्मा मी विहिरीत राहिलो, निम्मा शाळेत गेलो. शाळेत जाणारा आमच्या कुळातला पहिला मीच!

बाईंनी सूक्ष्मदर्शक यंत्र मांडलं होतं. आधी केराच्या मळ्यातल्या विहिरीचा थेंब काचेवर ठेवला. "बाई, हितं तर कायबी न्हाय. एक ठिपका हलतोय फकस्त," केरा हिरमुसून म्हणाली. मग नागम्माच्या बाटलीतला थेंब. तिने डोळा लावला आणि ओरडलीच, "अगं बाई! जत्रा भरलीय नुसती!"

"व्हय व्हय, आणि तू रोज अख्खी जत्रा पितीस!" केरा म्हणाली.

"पीत नाही हल्ली. वास येतो."

बाईंनीही पाहिलं. त्या म्हणाल्या, "हे सगळेच रोग आणणारे नसतात. पण कोण कसला, ते डोळ्यांनी ओळखू येत नाही, म्हणून पाणी उकळून प्यावं. एक मात्र कळत नाही. उपाशी जीव इतके वाढत नाहीत. यांना खायला कोण घालतं?"

वर्ग हसला. नागम्मा हसली नाही. तिचा चेहरा मला भिंगाच्या पलीकडून डोंगराएवढा दिसत होता. त्या डोंगराला एकाएकी सगळं उमगलं.

मित्रांनो, इतर आत्मवृत्तांत वस्तू म्हणतात, आम्हाला सांभाळा, आम्हाला विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. आम्हाला विसरा! प्रेमाने काही घालू नका, भक्तीने तर मुळीच नको. आम्हाला अर्धपोटी ठेवा. अर्धपोटी असलो की आम्ही तुमची विहीर झाडून ठेवतो. भरल्या पोटी आम्ही ती बुडवतो, आणि तिच्याबरोबर एखाद्या मुलीची शाळाही.

संध्याकाळी अम्मा उरलेल्या खळीचं भांडं घेऊन दारातून निघाली होती. नागम्मा उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. एका हातात बाटली होती, बाटलीत मी. तिने दुसऱ्या हाताने भांडं धरलं.

"सोड गं! सांडेल, पायाखाली येईल!"

"नाही सांडणार. अम्मा, गंगामाई कोपलेली नाही. तिचं पोट बिघडलंय. आपणच बिघडवलंय. बाईंच्या यंत्रात मी डोळ्यांनी पाहिलं."

मागावरचा धोटा थांबला. नायना म्हणाले, "मग अन्न काय गटारात ओतायचं?"

"केराच्या म्हशीला घालायचं. तीही लक्ष्मीच आहे ना? केराच्या आईला मी विचारलंय. ती म्हणाली, रोज आण, लई झ्याक." नागम्माने दम घेतला. "आणि ऐका, मी ठरवलंय. उद्यापासून सगळ्या गल्लीची खळ मी गोळा करणार, शाळेच्या आधी. आत्ता शिवलिंगप्पांकडे जाते. विहीर बुजवू नका, एकदा उपसून बघा, असं त्यांना सांगणार. नायना, तुम्ही बरोबर आलात तर ते बसायला तरी सांगतील. नाही आलात तर मी उभ्याने सांगेन."