मिनिटाला पाच शब्द

सकाळचे ऊन चाळीत येई ते आधी समोरच्या पत्र्यावर थांबे. तिथे त्याला कसलीच घाई नसे. पत्र्याच्या पन्हळींतून ओघळत, गंजाचा एकेक डाग उजळत ते खिडकीच्या गजांशी येई, आत उतरे, आणि माठाच्या गळ्याशी एक पिवळी रेघ ओढून पुन्हा थबके. मग फरशी, मग बाबासाहेबांच्या तसबिरीची काच, मग दोरीवरचा ओला टॉवेल. मिल चालू होती तेव्हा या उन्हात कापसाची पिंज तरंगत असे आणि धुरामुळे त्याला दुधात हळद कालवल्यासारखा रंग चढे. आता ते स्वच्छ होते. संघदीपला त्या स्वच्छपणाची चीड येई. काम न उरलेल्या माणसाने रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघावे, तसे ते ऊन त्याला वाटे.

तसा माणूस घरातच होता. मिलला कुलूप लागले तरी त्याचे वडील दगडू रोज गेटवरच्या सभेला जात आणि दुपारी तेच तेच आश्वासन घेऊन परतत.

“आज पन क्लास?” चपला शोधत त्यांनी विचारले.

“हो.”

“पास झाला तर टेलिफोनमध्ये लागशील ना?”

“शौकिया रेडिओचा परवाना आहे बाबा. त्याच्यावर नोकरी नाही लागत.”

“मग खाली-पीली टिक्-टिक् कशाला करतो दिवसभर?”

“करू द्या हो,” स्टोव्हला पंप मारत आई, कांताबाई, म्हणाली. “तुम्ही गेटवर जाऊन जे करता, तेच तो घरी बसून करतो.”

संघदीपने वही पिशवीत टाकली. या घरात बोलणे त्याने केव्हाच सोडले होते, आणि बाहेर तर त्याला बोलताच येत नसे. दुकानदाराने “क्या चाहिए” विचारले तरी त्याची जीभ टाळूला चिकटे. म्हणूनच त्याला मोर्सच्या, ठिपके-रेघांच्या, कोडचा परवाना हवा होता. खालचा परवाना, ज्याला क्लासमधली मुले रिस्ट्रिक्टेड म्हणत, नुसत्या लेखी पेपरावर मिळे. पण त्यावर माइक धरून बोलावे लागे. वरच्यासाठी मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने कोड ऐकून उतरवावा लागे. तो मिळाला की आवाज नको, चेहरा नको. रात्रीच्या आकाशातून कुणाचे तरी ठिपके यावेत आणि आपण ठिपक्यांनीच उत्तर द्यावे. जगाशी इतकाच संबंध त्याला पुरेसा होता.

क्लास शहरातल्या भंवरकुआं भागात, एका कोचिंगच्या गच्चीवरल्या खोलीत, रविवारी भरे. शिकवणारे गोपीनाथ सर नाशिकहून पीथमपूरच्या कारखान्यात नुकतेच आलेले. विद्यार्थ्यांविषयी संघदीपचे मत ठरलेले होते. अनीश पोहे-जिलेबी खाऊन तेलकट बोटांनी बझरची कळ दाबी. बडा गणपती भागातली मानसी तबल्याचे बोल म्हणावेत तशी कोडची अक्षरे गुणगुणे आणि तोंडाने चुकली की खिदळे. अशा माणसांच्या हाती आकाश द्यायचे, या कल्पनेनेच त्याला शिसारी येई. त्याने स्वतः कोड सुबकपणे शिकला होता: तक्ता शाईने उतरवून, प्रत्येक अक्षराचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून. मग स्वतःच कळ दाबून त्याने कॅसेटा भरल्या होत्या आणि त्या ऐकून लिहिताना त्याची कधी एक चूक होत नसे.

“मानसीबरोबर सराव कर,” सर दोनदा म्हणाले होते. कोड पाठवताना तिचा हात लंगडतो, उगाच कान का बिघडवा, असा विचार करून त्याने दोन्ही वेळा ते कानाआड केले होते.

आज सरांनी सगळ्यांना कागद वाटले. “उद्या अर्ज जाणार. जो आत्ता पाचचा वेग घेईल, त्याचाच कोडचा अर्ज. बाकीच्यांचा रिस्ट्रिक्टेडचा.”

सरांनी कळ दाबली आणि बझर वाजू लागला. पहिले अक्षर संघदीपने पकडले. दुसऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे जुळवेपर्यंत तिसरे निघून गेले, चौथे त्याच्यावर आदळले, आणि मग नुसता किडा भिंतीत कुरतडत राहावा तसा आवाज उरला. सरांचा हातच दरिद्री, त्याने मनाशी म्हटले. कारखान्यात नटबोल्ट मोजणाऱ्या माणसाला लय कुठली?

मानसीचा मजकूर पुरा होता. अनीशची चार अक्षरे चुकली होती, पण तो निभावला. संघदीपच्या कागदावर दोन अक्षरे होती.

“सर, तुमचे ठिपके लांबतात,” तो कसाबसा म्हणाला. “घरी मी कॅसेटवरचं सगळं घेतो. पूर्ण.”

“कुणाची कॅसेट?”

“माझीच.”

अनीश हसला. “भिया, तूच भरली, तूच ऐकली. तुला तर पाठच आहे ते.”

“पाठ नाही.”

“ठीक आहे,” सर शांतपणे म्हणाले. “अनीश, तू पाठव याला काहीतरी. सावकाश.”

संघदीपने पेन्सिल धरली. अनीशने बोटे पँटला पुसली आणि एकच शब्द पाठवला, मग तोच पुन्हा, मग अजून सावकाश, लहान मुलाला घास भरवावा तसा. खोलीतली मुले एकमेकांकडे पाहू लागली. संघदीपला त्या आवाजात गावंढळपणाखेरीज काही सापडेना.

“हा काय कोड आहे?” तो म्हणाला. “याला ना आगा ना पिछा.”

कुणी हसले नाही. मानसीने आपल्या वहीकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

“तुझं नाव होतं ते,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा.”

सरांनी रिस्ट्रिक्टेडचा अर्ज त्याच्यापुढे सरकवला. हात कुणाचाच वाईट नव्हता. त्याला दुसऱ्याचे ऐकता येत नव्हते.