चौथे पाऊल

मित्रांनो, दक्षिणेकडच्या सखल, पाणथळ कुट्टनाडमधल्या एका बंद शाळेत, कपाटावर गुंडाळून ठेवलेली केवड्याच्या पात्यांची जुनी चटई म्हणजे मी. तंकमणी टीचरांच्या आईने मला विणले. माझ्यावर पंचवीस चौकटी आहेत, एक लाल, एक पांढरी. शाळेत संगणक नव्हता, म्हणून संगणकाला कसे सांगावे हे टीचर मुलांना माझ्यावर शिकवीत. एक मूल डोळ्यांना पट्टी बांधून यंत्र होई आणि दुसरे त्याला हुकूम देई.

"डावीकडे वळ!" जोबिन समोर पट्टी बांधून उभ्या असलेल्या मुलीला ओरडून सांगे.

"डावं कुणाचं रे? तुझं की तिचं?" टीचर विचारीत.

"माझं!"

"मग घाल तिला भिंतीवर! आधी यंत्राच्या जागी उभा राहून बघ, शहाण्या."

सगळी मुले खिदळत. सात वर्षांची अंबिली सर्वांत उत्तम यंत्र होती. दुपारची पेज वाढली तरी हुकमाशिवाय तिचे पाऊल हलत नसे. तिच्या तळव्यांची ऊब मला फार आवडे.

त्या दिवशी ती माझ्या मधल्या चौकटीत उभी होती. अचानक बाहेर ओरडा झाला. कालव्याचे पाणी अडवणारा शेताचा बांध फुटला होता. मुले दाराकडे धावली, हुकूम देणारा जोबिनही. टीचरांनी एकेकाला उचलून होडीत बसवले. होडी खिडकीपाशी आली तेव्हा त्यांना गजांतून आत अंबिली दिसली. पाणी तिच्या गुडघ्यांना लागले होते.

"पट्टी काढ, पोरी! पळ!"

"यंत्र पट्टी काढत नाही, टीचर," ती रडत म्हणाली. "लवकर हुकूम द्या ना!"

खोलीच्या एका बाजूला दार होते, दुसऱ्या बाजूला कालव्यात उतरणाऱ्या पायऱ्या.

"डावीकडे वळ! चार पुढे!"

दार टीचरांच्या डावीकडे होते. पण त्या अंबिलीच्या समोर उभ्या होत्या. अंबिली स्वतःच्या डावीकडे, पायऱ्यांकडे वळली. दोन पावले माझ्यावर पडली, तिसरे फरशीवर. चौथे मला ऐकूच आले नाही.

टीचरांनी पुन्हा शिकवले नाही. पुढे शाळाही बंद पडली. पण बाहेर पाणी चढू लागले की माझी मधली चौकट आपोआप ऊबदार होते, आणि कुणीतरी तिथे श्वास रोखून उभे असते.

दर वर्षी त्या तारखेला टीचर येतात. आता केस पांढरे झाले आहेत. त्या मला उलगडतात, डोळ्यांना पट्टी बांधतात आणि त्या चौकटीत उभ्या राहतात. मोठा झालेला जोबिन दारातून हाक मारतो, "टीचर, चला ना. पेज निवली." त्या हलत नाहीत.

मित्रांनो, मला वाचा नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर समोरून हाक मारू नका. त्यांच्या शेजारी उभे राहा, त्यांचे तोंड जिकडे आहे तिकडे आपलेही तोंड करा, आणि मग हळूच त्यांना घरची वाट सांगा.