विहिणींची चालाचाल

बेकरीवाल्या काकू रोज सकाळी भट्टीतून निघालेल्या प्रत्येक केकचा कोपरा चाखून बघत. चव बिघडायला नको, हे निमित्त. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून चष्मा पुसला, तेव्हाच काकूंनी ओळखलं, की आता केकवर संक्रांत येणार.

"कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, सगळंच वाढलंय. याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. गोड आणि मैदा कमी करा, भाज्या-डाळी वाढवा आणि रोज भरभर चाला."

"म्हणजे सगळ्या भानगडी एकदम माझ्याच घरी मुक्कामाला?"

"हो. पण तुम्ही चालायला लागलात, की त्याही चालू लागतील."

काकूंना आजारापेक्षा विहीणबाईंची धास्ती जास्त. लेकीच्या सासूबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, वागण्याबोलण्यात कडक इस्त्रीच्या. त्यांना कळलं तर नाक मुरडणार! म्हणून काकू मुलाची ट्रॅकपँट चढवून मागच्या गल्लीतून चोरासारख्या निघाल्या. तर वळणावर समोरून, तोंडाला मफलर गुंडाळून, साक्षात विहीणबाई!

"सहजच निघाले होते," विहीणबाई म्हणाल्या.

"मीही सहजच."

दोघी शेजारी शेजारी चालू लागल्या. आता आधी थांबायचं कोणी? विहीणबाईंनी पाऊल लांब टाकलं, की काकू त्याहून लांब टाकत.

"दमलात का?"

"छे! तुम्हीच दमलेल्या दिसताय."

बाजार मागे पडला, शाळा मागे पडली, पेट्रोलपंपही गेला. शेवटी बस डेपोची भिंत आडवी आली आणि दोघी धापा टाकत तिला टेकल्या.

"माझी साखर वाढलीय हो," विहीणबाई रडवेल्या झाल्या. "घेर, रक्तदाब, चरबी... सगळंच."

"अय्या! माझंसुद्धा!" लॉटरी लागल्यासारख्या काकू किंचाळल्या. मग दोघींना असं हसू फुटलं, की एक ड्रायव्हर बस सोडून पाणी घेऊन धावत आला.

तेव्हापासून रोज चालून झालं, की विहीणबाई बेकरीतच ठाण मांडत. काकूंचा हात केककडे सरकला, की त्या खाकरत. काकूंनी त्याचं उट्टं काढलं, त्यांच्या चहातली साखरच बंद केली. लेक नवऱ्याला म्हणाली, "यांचं जुळलंय की बिनसलंय, देव जाणे!"

काही महिन्यांनी दोघींचा घेर उतरला, साखर खाली आली. काकूंचा रक्तदाब तेवढा हट्टी निघाला, त्याची गोळी चालू राहिली. चालून चालून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी अधूनमधून पोहायलाही जा म्हणून सांगितलं.

तलावाच्या उथळ बाजूला, ढगळ कपड्यांत, दोघी काठाला चिकटून उभ्या राहिल्या.

"आधी तुम्ही."

"छे, मान तुमचा."

"अगं, मार ना उडी!" विहीणबाई ओरडल्या.

इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच 'अगं' म्हणाल्या होत्या. काकूंना इतका आनंद झाला, की त्यांनी विहीणबाईंचा हात पकडला आणि त्यांच्यासकट धपाककन पाण्यात उडी घेतली. काठावरची शिकवणारी बाई नखशिखान्त भिजली.